पाच मजली विहार आणि मातीची मुद्रा

खापरखेड्यात राहणाऱ्या माणसाला खापर हा शब्द नवा नाही, गावाच्या नावातच तो आहे. तरी खापर म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते मनसरला, हिडिंबा टेकडीच्या पायथ्याशी. पावसाळा नुकताच संपला होता. टेकडीवरून उतरलेल्या ओघळीत तळहाताएवढा एक लाल तुकडा पडला होता. एका बाजूला मडक्याच्या काठाची वळलेली कड, आणि कडेखाली चाक फिरत असताना कुंभाराने बोट टेकवून ओढलेली रेघ. त्या रेघेवरून मी माझं बोट फिरवलं. ते तिच्यात नीट बसलं. मग तुकडा जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. खापर खिशात घालून घरी आणलं की ते कुठल्या थरातलं, कशाच्या शेजारचं, हे सगळं संपतं, आणि उरतो तो मातीचा तुकडा.

आमच्या गावापासून पारशिवनीच्या वाटेने निघालं की मनसर फार लांब नाही. इकडे कोलार आणि पेंच कन्हानला मिळतात. १३४० मेगावॅटच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या लांबूनच दिसतात आणि राखडीचा पातळ थर अंगणापासून झाडांच्या पानांपर्यंत सगळीकडे असतो. हजार वर्षांनी कुणी इथे खणलं तर त्याला तो करडा थर लागेल आणि त्यावरून तो आमचा काळ ओळखेल. मनसरला असेच थर आहेत, विटांचे, मातीचे, खापरांचे. त्या थरांनी एका फार जुन्या प्रश्नाला उत्तर दिलं आणि दुसरा एक प्रश्न तसाच ठेवला. हा लेख त्या दोन प्रश्नांचा आहे.

जुन्या ग्रंथात एखाद्या थोर वास्तूचं वर्णन वाचायला मिळतं. वाचून डोळे दिपतात. मग जागेवर जावं तर काहीच नसतं. अशा वेळी ती वास्तू खरंच होती का, असली तर वर्णनात आहे तशी होती का, हे ठरवायचं कशावरून? ग्रीक लोकांच्या बाबतीत हा प्रश्न जगभर चर्चिला गेला. ऱ्होड्स बेटावरचा सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा बंदराच्या तोंडावर दोन पाय फाकून उभा होता आणि त्याच्या पायांखालून जहाजं जात, असं चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं. पुतळा खरा होता. इ.स.पू. २२६च्या सुमारास भूकंपाने तो कोसळला. पाय फाकून उभं राहण्याची कल्पना मात्र पुष्कळ शतकांनंतरच्या लोकांची. खरी वस्तू आणि खोटं वर्णन अशी ही जोडी. आपल्याकडे, रामटेकच्या आसपास, याच्या अगदी जवळचं एक प्रकरण आहे. पण त्याची गोष्ट आपणच एकमेकांना पुरेशी सांगितलेली नाही.

ती सुरू होते एका चिनी भिक्षूपासून. फाहियान इ.स. ३९९ मध्ये चीनहून निघाला आणि पुढची दहा-बारा वर्षं भारतात आणि आसपास हिंडला. उत्तरेतली पुष्कळ तीर्थं त्याने स्वतः पाहिली. आपल्या प्रवासवर्णनात एके ठिकाणी तो दक्षिण देशातल्या एका विहाराबद्दल लिहितो. एक अख्खा खडकाचा डोंगर कोरून पाच मजले केलेले. सगळ्यात खालचा मजला हत्तीच्या आकाराचा, त्यात पाचशे खोल्या. त्यावरचा सिंहाच्या आकाराचा, चारशे खोल्यांचा. तिसरा घोड्याचा, तीनशे. चौथा बैलाचा, दोनशे. सर्वांत वरचा पारव्याचा, शंभर. माथ्यावर झरा, आणि त्याचं पाणी प्रत्येक खोलीसमोरून वळसे घेत खाली येऊन दारातून बाहेर पडतं. वाचताना पाण्याचा आवाज कानात येतो. पण याच वर्णनाच्या शेवटी फाहियान एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. तो मुलूख ओसाड आहे, वाटा धोक्याच्या आहेत, जाणाऱ्याला आधी तिथल्या राजाला द्रव्य द्यावं लागतं, मग राजा वाटाडे देतो. आपण तिथे गेलो नाही, तिकडच्या लोकांनी सांगितलं ते लिहिलं.

ही कबुली मला त्या पाच मजल्यांपेक्षा मोलाची वाटते. माणसाने ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहून ठेवली, म्हणून आपल्याला सोळाशे वर्षांनी तिचं वजन करता येतं.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी दुसरा चिनी भिक्षू ह्युएनत्संग आला. त्याच्या वृत्तांतात कोसल देश येतो. हा अयोध्येचा कोसल नव्हे, दक्षिणेतला. राजधानीच्या नैऋत्येला तीनशे ली (ली हे चिनी अंतराचं माप) अंतरावर एक पर्वत आहे, असं तो सांगतो. चिनी अक्षरांत लिहिलेल्या त्याच्या नावातून अभ्यासकांनी ‘भ्रमरगिरी’ हे नाव वाचलं. सातवाहन राजाने बौद्ध आचार्य नागार्जुनासाठी तो डोंगर कोरून विहार केला. इथेही मजले पाचच. प्रत्येक मजल्यावर चार दालनं आणि त्यांत सोन्याच्या बुद्धमूर्ती. इथेही वरून येणारं पाणी मजल्यामजल्यांतून वाहतं. काम अर्धवट असताना राजाचा खजिना आटला, तेव्हा नागार्जुनाने दगडांचं सोनं केलं. काम पुरं झाल्यावर हिशेब काढला, तर मजुरांच्या नुसत्या मिठालाच नऊ कोटी सुवर्णनाणी लागली होती. पुढे भिक्षूंमध्ये भांडणं झाली, विरोधकांनी विहार बळकावला, दारं बंद झाली, आणि आत जायची वाट आता कुणालाच ठाऊक नाही.

मिठाचा हिशेब मला फार आवडतो. दंतकथा रचणाऱ्यालाही कळत होतं की डोंगर कोरायचा तर शेकडो लोक वर्षानुवर्षं जेवणार, आणि त्यांच्या भाकरीला मीठ लागणार. सोन्याच्या गोष्टीत कुणीतरी बांधकामावरच्या माणसाने आपला अनुभव घातला आहे. पण मीठ खरं वाटलं म्हणून पाच मजले खरे ठरत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासक ह्युएनत्संगचं पुस्तक हातात घेऊन अंतरं मोजत भारतभर फिरू लागले. त्याची दक्षिण कोसलची राजधानी कुठली, यावर त्यांचं एकमत होईना. अलेक्झांडर कनिंगहॅमने चांद्याकडे बोट दाखवलं, फर्ग्युसनने वैरागडकडे. म्हणजे दोघेही विदर्भातच होते. आज बरेच अभ्यासक छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे वळलेले आहेत. विहाराच्या जागेबद्दलही असेच तर्क झाले. कुणी आंध्रातलं नागार्जुनकोंडा सुचवलं, तर कुणी आणखी कुठलं. या सगळ्यात रामटेकचं नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं, कारण या परिसरात नागार्जुनाची आठवण लोकांच्या तोंडी होती आणि एका टेकडीलाही त्याचं नाव होतं. नाव टिकलं म्हणजे माणूस तिथे राहिला होता असं सिद्ध होत नाही. तरी शोधाला निघायला तेवढं कारण पुरेसं असतं.

रामटेकच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर मनसर. मँगनीजच्या खाणींचं गाव, नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचं. तलावाशेजारच्या टेकडीला लोक हिडिंबेची टेकडी म्हणत आले. भीमाशी लग्न केलेली ती हिडिंबा. ज्या उंचवट्याचा खरा मालक विसरला गेला तो महाभारतातल्या कुणाच्या तरी नावावर चढवायचा, ही आपली जुनी रीत आहे. टी. ए. वेलस्टेड या इंग्रजाने १९३०च्या आसपास इथल्या मूर्ती आणि विटा पाहून हे वाकाटकांचं ठिकाण असावं असं लिहिलं. इथली काही शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. १९७२ मध्ये याच टेकडीवर शिवाची ती प्रसिद्ध मूर्ती सापडली. बुटकी, गुबगुबीत, ऐसपैस बसलेली ही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती पाहिली की पाचव्या शतकातल्या विदर्भाच्या शिल्पकाराला दगड किती मऊ वाटत असेल याचा अंदाज येतो. तरीही टेकडीच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं.

१९९७–९८ मध्ये खणायला सुरुवात झाली. काम हाती घेतलं नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने. उत्खननाची धुरा जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा या भारतीय पुरातत्त्व खात्यात आयुष्य काढलेल्या दोन अनुभवी माणसांकडे होती. संस्थेच्या नावावरूनच दिसतं, आस होती नागार्जुनाची. जपानहून आलेले आणि नागपूरला आपलं मानलेले भदन्त सुरेई ससाई यांनी ही आस मनापासून जपली होती. नागपूरकरांना ते वेगळं सांगायला नको.

खणत गेल्यावर विटा लागल्या, आणि लागतच राहिल्या. आज वर चढून गेलं की नजर ठरत नाही. टेकडीच्या अंगावर विटांचे चौकोनी कप्पे, एकाला लागून एक, पेट्यांसारखे. हे कप्पे माती-मुरुमाने भरून वरचा भार पेलायचा अशी ती युक्ती. बांधणाऱ्यांनी टेकडीलाच चौथरा केला आणि तिच्यावर देऊळ चढवलं. खालच्या थरांच्या भिंतींवर कोनाडे, अर्धस्तंभ, नक्षीच्या पट्ट्या दिसतात. वीट आजच्या विटेहून कितीतरी मोठी आणि थोराड. आमच्याकडे राखडीच्या विटा होतात, त्या करड्या आणि साच्यातून निघाल्यासारख्या एकसारख्या असतात. इथली प्रत्येक वीट जरा वेगळी. एकीच्या कडेला भाजताना पडलेली भेग, दुसरीवर थापणाऱ्याच्या हाताचा दाब. टेकडीच्या पायथ्याजवळ, थोडं बाजूला, मोठ्या वाड्यासारख्या बांधकामाच्या भिंती निघाल्या. उत्खननकारांनी तो राजप्रासाद मानला.

स्तूपांचे अवशेषही त्यांनी नोंदवले. त्यामुळे मनसरला बौद्धांचं काही नव्हतं असं कुणी म्हणू नये. एकाच टेकडीवर वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या श्रद्धेची माणसं राहून गेली, आणि ज्या समाजाला ती आपली वाटते त्याचं वाटणं बिनआधाराचं नाही. पण पाच मजली कोरीव विहार निघाला नाही. खडकात कोरलेलं लेणंही नव्हे, निघालं ते विटांनी रचलेलं देऊळ. बांधकामाच्या आत चुना-मातीने घडवलेली माणसाच्या आकाराची एक मोठी आकृती मिळाली, तेव्हा पुरुषमेधाची, म्हणजे नरबळीच्या यज्ञाची, चर्चा सुरू झाली. पाया भरताना घातलेला वास्तुपुरुष, असाही तिचा अर्थ लावला गेला. त्या आकृतीवर पुष्कळ लिहिलं गेलं. माझं लक्ष मात्र त्याच टेकडीवर मिळालेल्या एका फार लहान वस्तूने वेधून घेतलं.

ती वस्तू काय आणि ती इतकी महत्त्वाची का, हे समजायला थोडं ताम्रपटांकडे जावं लागतं.

वाकाटक हे विदर्भाचं पहिलं मोठं राजघराणं. पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी घेतली. पुढे घराण्याच्या शाखा झाल्या. एक वत्सगुल्म म्हणजे वाशिमला, दुसरी नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनला. या दुसऱ्या शाखेतल्या रुद्रसेनाला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता दिली होती. नवरा लवकर गेला आणि मुलं लहान, तेव्हा तिने स्वतः राज्य चालवलं. हे आपल्याला कळलं ते पुण्यात एका तांबटाच्या घरी राहिलेल्या ताम्रपटांमुळे. तांबं वितळवणाऱ्याच्या घरात दीड हजार वर्षांची राजाज्ञा न वितळता राहिली, हे आपलं भाग्य. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन साधारण इ.स. ४२० ते ४५५ या काळात राज्यावर होता. आई विष्णुभक्त, मुलगा शिवभक्त. महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ लिहिणारा कवी तोच. म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या बोलीत महाकाव्य रचणारा राजा.

या प्रवरसेनाने आपली राजधानी नंदिवर्धनहून हलवली. नव्या नगराचं नाव प्रवरपूर. अचलपूरजवळच्या चमक गावी १८६८च्या सुमारास शेत नांगरताना त्याचे ताम्रपट निघाले. त्यांची सुरुवात ‘दृष्टम्’ या शब्दाने होते, म्हणजे पाहिलं, तपासलं. आजच्या फाइलीवर साहेबाची सही असते तसा तो शब्द. मग येतं ‘प्रवरपुरात्’, म्हणजे प्रवरपुराहून. राज्याच्या अठराव्या वर्षी, भोजकट प्रदेशातलं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं आहे. अटी स्पष्ट आहेत. राजद्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, दुसऱ्या गावांशी लढायचं नाही. या अटी पाळल्या तोवर गाव त्यांचं, नाही तर राजा ते काढून घेईल. दुसऱ्या काही ताम्रपटांत प्रवरेश्वराच्या देवस्थानाचा उल्लेख येतो. राजाने देऊळ बांधावं आणि आतल्या शिवाला आपल्या नावावरून नाव द्यावं ही तेव्हाची प्रथा होती, त्यामुळे प्रवरेश्वर म्हणजे प्रवरसेनाचा शिव. हे देऊळ कसं होतं, किती उंच, किती मजल्यांचं, याबद्दल ताम्रपट एक शब्दही बोलत नाहीत. ते फक्त नाव घेतात, तेही जमिनीच्या कामाच्या ओघात.

मग प्रवरपूर कुठे? महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी या प्रश्नावर फार विचार केला. वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून त्यांनी १९६३ मध्ये जो जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, त्यावाचून आजही या विषयात पाऊल टाकता येत नाही. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे त्यांनीच मराठी वाचकांच्या मनात रुजवलं. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं त्यांचं मत. नावाचा उच्चार जुळतो, धाम नदीच्या काठी जुन्या वस्तीच्या खुणा आहेत, आणि तिथे सापडलेली शिल्पं त्यांना रामायणातली वाटली. प्रभावतीगुप्तेच्या इच्छेवरून तिच्या मुलाने बांधलेल्या रामाच्या देवळातली ती असावीत, अशी त्यांची मांडणी.

ही शिल्पं निघाली ती विनोबांच्या आश्रमात, जमीन खणताना. विनोबा १९३८ मध्ये पवनारला राहायला आले. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना ते राम आणि भरताच्या भेटीबद्दल बोलले होते. त्या भेटीचं चित्र कुणी काढावं अशी आस त्या बोलण्यात होती. आणि आश्रमाच्या जमिनीतून निघालेल्या एका शिळेवर त्यांना तीच भेट दिसली. त्या मूर्तीची त्यांनी तिथे स्थापना केली. भरत-राम म्हणून ती आजही आश्रमात आहे. मी तिच्यासमोर उभा राहिलो आहे. ती कुठल्या राजाने, कुठल्या नगरात घडवून घेतली हा प्रश्न तिथे मनात येतच नाही. अभ्यासकाला मात्र तो सोडून चालत नाही. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये पवनारला उत्खनन केलं. जुन्या वस्तीचे थर मिळाले, पण प्रवरपुराचा प्रश्न सुटला नाही.

आता ती मनसरची लहान वस्तू. हिडिंबा टेकडीवरच्या उत्खननात मातीच्या मुद्रा मिळाल्या. अक्षरं वाकाटकांच्या वळणाची, डोक्यावर छोट्या चौकोनी पेट्या असलेली ब्राह्मी. त्यांवर एकच शब्द, ‘प्रवरेश्वरस्य’. प्रवरेश्वराचा.

षष्ठीचा तो प्रत्यय, मालकी सांगणारा, हीच सगळी किमया आहे. राजाचं गुणगान नाही, देवाची स्तुती नाही, देवळाची उंचीही नाही. अशा मुद्रा कशा वापरत, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. एखादं गाठोडं किंवा पत्र दोरीने बांधायचं, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा, त्यावर ठसा उमटवायचा. माती वाळली की काम झालं. कुणी गाठ सोडली तर माती फुटणार आणि चोरी उघड होणार. म्हणजे हे देवळाच्या कचेरीतलं रोजचं काम. ज्याने ठसा मारला त्याच्या मनात सोळाशे वर्षांनंतरचे वाचक नव्हते. कुणावर छाप पाडायची नव्हती, म्हणून त्याचा शब्द खरा धरता येतो.

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठातले हान्स बाकर वाकाटकांवर बरीच वर्षं काम करत होते. हे देऊळ प्रवरेश्वराचं आणि मनसर हेच प्रवरपूर, ही मांडणी त्यांनी ठामपणे केली. २००८ मध्ये लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये याच शोधावर अभ्यासकांचा मेळावा भरला. मनसरची ओळख तिथे प्रवरेश्वर आणि प्रवरपूर यांचा शोध अशी मांडली गेली. मिराशी १९८५ मध्येच गेले होते. मुद्रा त्यांच्या हाती आली असती तर त्यांनी ती कशी वाचली असती, याचा विचार माझ्या मनात येतो. आयुष्यभर अक्षरांवर प्रेम केलेल्या माणसाने त्या एका शब्दापुढे आपलं मत पुन्हा तपासलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

इथे मला ऑलिंपियाची आठवण होते. ग्रीसमधल्या त्या गावी फिडियासने इ.स.पू. पाचव्या शतकात झ्यूसची बसलेली मूर्ती घडवली. सोनं आणि हस्तिदंत, उंची बारा मीटरांच्या घरात. देव उभा राहिला तर देवळाचं छप्पर उडेल, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलं. मूर्ती पुढे कॉन्स्टँटिनोपलला नेली आणि पाचव्या शतकातल्या आगीत ती गेली असं सांगतात. म्हणजे तिकडे झ्यूस नाहीसा झाला त्याच शतकात इकडे मनसरला प्रवरेश्वर उभा राहिला. मूर्ती नाही, तर फिडियास खरंच ऑलिंपियात होता का? १९५०च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी त्याच्या कारखान्याची जागा खणली. वस्त्राच्या चुण्या घडवायचे मातीचे साचे निघाले, हस्तिदंताचे तुकडे निघाले. आणि काळ्या रंगाचा एक साधा पेला निघाला. त्याच्या बुडाला कोरलं होतं, मी फिडियासचा. तिथेही तीच षष्ठी. बारा मीटरांच्या देवाची साक्ष दिली ती पाणी किंवा दारू प्यायच्या एका पेल्याने.

मनसरहून नगरधन दूर नाही. तिथे २०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, आणि मातीची एक मुद्रा मिळाली. तिच्यावर शंख आणि प्रभावतीगुप्तेचं नाव. आईच्या नगरात आईची मुद्रा, मुलाच्या टेकडीवर मुलाच्या देवाची. विष्णूचा शंख तिकडे, शिवाचं नाव इकडे. दोन्हीकडच्या मुद्रा कुंभाराच्या मातीच्या, आणि दोन्ही एका सकाळच्या फेरीत पायाखाली येणाऱ्या प्रदेशातल्या.

तर मग पाच मजली विहाराचं काय? त्याला खोटं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ह्युएनत्संगने नालंदाही वर्णिलं आहे. तिथे तो स्वतः राहिला, शिकला. कनिंगहॅमने त्याचीच अंतरं मोजत बडगावच्या टेकाडांपाशी नालंदा ओळखलं, आणि पुढे उत्खननात मातीच्या मुद्रा निघाल्या, नालंदा महाविहाराच्या आर्य भिक्षुसंघाच्या. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं ते जमिनीत मिळालं. अजिंठ्याचं त्याचं वर्णन मधल्या वाटेवरचं. दारातले दगडी हत्ती त्याने सांगितले, ते सोळाव्या लेण्यापाशी आजही आहेत. अचल नावाचा अर्हत त्याने सांगितला, तोही सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात आहे. पण सत्तर फुटांची बुद्धमूर्ती आणि तिच्यावर आधाराशिवाय तरंगणारी सात छत्रं अजिंठ्यात कुणाला दिसलेली नाहीत. ते सोळावं लेणंही वाकाटकांच्या वाशिम शाखेचा अमात्य वराहदेव याचं. विदर्भाची माणसं सगळीकडे भेटतात.

भ्रमरगिरीला मात्र तो गेला नाही, आणि फाहियानही गेला नव्हता. दोघांनी ऐकलं. दोघांनीही पाचच मजले ऐकले, दोघांनीही माथ्यावरून येणारं पाणी ऐकलं. दोन शतकांच्या अंतराने दोन माणसांनी एकच पाणी ऐकावं, याचा अर्थ ती गोष्ट दक्षिणेत कुठेतरी खूप लोक सांगत होते. डोंगर कोरलेला एखादा विहार त्या गोष्टीच्या मुळाशी असेल. त्याचे मजले तीन असतील, दोन असतील. वेरूळला तीन मजल्यांची लेणी आपण पाहतोच, आणि पावसाळ्यात लेण्यांवरून धबधबे कोसळताना पाहतो. पण फाहियानचं पारव्याचं वर्णन कोणत्याही एका जागेवर चिकटवायला आज माझ्याकडे पुरावा नाही. रामटेकवर चिकटवायलाही नाही. आणि हे लिहिताना हात जड होतो, कारण तो विहार आपल्याच मुलखात असावा असं कुणाला वाटणार नाही?

मनसरच्या टेकडीवर संध्याकाळी उभं राहिलं की तलावाचं पाणी दिसतं, त्यापलीकडे मँगनीजच्या खाणीचे काळसर ढिगारे, पूर्वेला रामटेकचा गड. उतरताना मी पुन्हा त्या ओघळीपाशी थांबलो. लाल खापर होतं तिथेच होतं, कडेची रेघ वर करून. टेकडीचा पुष्कळ भाग अजून खणायचा आहे. कुठल्या तरी थरात, कुठल्या तरी कप्प्याच्या तळाशी, मातीचा एखादा बोटभर गोळा असेल, दोरीचा वण उमटलेला, आणि त्यावर कुठल्या तरी विहाराच्या भिक्षुसंघाचं नाव, षष्ठीत.